सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बीटा अँटिव्हायरस: ठेवावा की काढावा?

अनघा_इंदिरानगर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या घरी एकच डेस्कटॉप आहे आणि तो चौघांचा आहे. यजमान घरूनच जीएसटी आणि अकाउंटिंगची कामं करतात, त्यांचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन याच मशीनवर. सासरे सोसायटीचे खजिनदार, मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. मी मराठी टायपिंगची कामं घेते, स्मरणिका, पुस्तकं वगैरे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत.

मुलाने एका कंपनीच्या नव्या सिक्युरिटी सूटच्या बीटा, म्हणजे बाजारात येण्याआधीच्या, चाचणीत नाव दिलं आणि तो या मशीनवर टाकला. त्याला याच क्षेत्रात जायचंय. चूक सापडली की तो स्क्रीनशॉट काढून, पायऱ्या लिहून कंपनीला रिपोर्ट पाठवतो. ते काम तो इतकं मन लावून करतो की मला त्याचं कौतुकच वाटतं. कंपनीचं नाव देत नाही, बीटात चुका निघणारच.

पण घरात आता असं चाललंय:

माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर एके सकाळी उघडेचना. बीटाने त्याची मुख्य फाइल 'किलॉगर' (दाबलेल्या कळा चोरणारं सॉफ्टवेअर) म्हणून उचलून बाजूला ठेवली होती. यजमानांचं टोकन लावलं की लाइट लागतो, पण पोर्टलवर सही करायला गेलं की 'सेवा सुरू नाही' येतं. सासऱ्यांच्या लॉगिनवर मधूनच इंग्रजीत खिडकी येते, 'अलाउ' की 'ब्लॉक'. ते म्हणतात, जे मला माहीत नाही त्याला मी हो कसं म्हणू? म्हणून ब्लॉक दाबतात. त्यातून प्रिंटरची काहीतरी सेवा ब्लॉक झाली आणि ती फक्त त्यांच्यापुरती नाही, चौघांसाठी बंद झाली. टॅली उघडायला तर इतका वेळ लागतो की तोवर चहा होतो.

विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, एसएसडी आहे.

असा बीटा सगळ्यांच्या मशीनवर ठेवणं योग्य आहे का? काढायचा तर काही न बिघडता कसा काढायचा? आणि मुलाचं शिकणं थांबू नये, ही मला जास्त काळजी आहे.

पंचवटी_पार्थ (सोमवार, रात्री ९.५२)

काढून टाका. कामाच्या मशीनवर बीटा नाही म्हणजे नाही.

सातपूरकर (सोमवार, रात्री १०.३०)

अनघाताई, मी सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. घाईने अनइन्स्टॉल दाबू नका, आधी थोडं ऐका.

फोटो एडिटरचा बीटा कोसळला तर फोटो एडिटर बंद पडतो, बाकी मशीन चालू राहतं. अँटिव्हायरसचं तसं नाही. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी आतल्या थरात, स्वतःचे ड्रायव्हर बसवतो. कुठलीही फाइल उघडा, लिहा, पुसा, ती विनंती आधी त्याच्या हातून जाते. टॅली एका वेळी डेटाच्या अनेक फाइल्स उघडतं, त्या प्रत्येक फाइलला हा थांबवून बघतो. तो अडखळला की टॅली अडखळतं. तो कोसळला तर थेट निळा पडदा, म्हणजे अख्खं मशीनच बंद.

दुसरं, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बघा. दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे रीतसर नोंदला गेला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. बीटात ही नोंदणीच कधी कधी अर्धवट राहते, मग दोघेही एकाच फाइलवर तुटून पडतात. एका म्यानात दोन तलवारी. तुमचं मशीन मंद होण्याचं कारण इथे असू शकतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये कुणाचं नाव दिसतं ते सांगा.

टोकनचं कोडंही सुटण्यासारखं आहे. सहीचं जे छोटं सॉफ्टवेअर असतं ते तुमच्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर चालवतं आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. बीटाच्या वेब तपासणीला हे आतल्या आत चाललेलं बोलणं संशयास्पद वाटतं, ती ते तोडते. टोकन शाबूत, ड्रायव्हर शाबूत, आणि पोर्टल म्हणतं सेवा सुरू नाही.

करसल्लागार_नाशिकरोड (सोमवार, रात्री १०.४८)

सातपूरकरांनी सांगितलं ते तंतोतंत. माझ्याकडे असा प्रकार झाला तेव्हा मी टोकनवाल्याला नाहक बोलावलं होतं, दोष वेब तपासणीचा निघाला.

तुमच्या यजमानांना माझ्या वतीने एक सांगा. जीएसटीची विवरणपत्रं बघा: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, तिमाहीवाल्यांची ३बी आपल्या राज्यात २२ ला. या काळात मशीनवर नवं काही टाकायचं नाही आणि जुनं काही काढायचंही नाही. आज जर तारीख जवळ असेल तर वेब तपासणी तेवढी तात्पुरती बंद करा, सह्या उरका, आणि साफसफाई २३ नंतर. उशीर झाला तर विलंब शुल्क ग्राहकाला लागतं आणि बोलणी आपल्याला बसतात.

कॉलेजरोड_तेजस (सोमवार, रात्री ११.१५)

मी थोडं वेगळं बोलणार आहे.

सगळे 'काढा' म्हणतायत, पण अनघाताईंच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट कुणी बघितलीच नाही. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर किलॉगर म्हणून पकडलं गेलं! हे परदेशातल्या टेस्टरला कधी कळणार? त्याच्या मशीनवर ते सॉफ्टवेअरच नाही. टॅली नाही, सहीचं टोकन नाही. हा बीटा तसाच बाजारात आला असता तर राज्यातल्या कितीतरी छापखान्यांत, तलाठी कार्यालयांजवळच्या टायपिंगच्या टपऱ्यांत एका सकाळी मराठी उमटायचं बंद झालं असतं. त्या मुलाने रिपोर्ट केला म्हणून ते टळू शकतं.

आपल्या भाषेत काम करणाऱ्यांनी बीटा वापरायचाच नाही असं ठरवलं तर आपली सॉफ्टवेअरं कायम संशयितच राहणार.

मुद्रक_शालिमार (मंगळवार, सकाळी ८.२०)

तेजसभाऊ, पटलं. शालिमारजवळ आमचा छोटा डीटीपीचा व्यवसाय आहे आणि हा त्रास आम्हाला बीटा नसतानाही होतो.

कारण असं आहे. जुन्या फॉन्टवर टाइप करण्याची जी सॉफ्टवेअरं आहेत ती कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधी स्वतः पकडतात, तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतात आणि वर्डला किंवा पेजमेकरला देतात. चोरटा किलॉगरही सुरुवात अशीच करतो, कळ आधी पकडतो. पुढे तो ती साठवून बाहेर पाठवतो, आपलं सॉफ्टवेअर पाठवत नाही. वागणुकीवरून ओळखणाऱ्या नव्या इंजिनला पहिला अर्धा भाग दिसला की ते लगेच हात घालतं. शिवाय ही जुनी सॉफ्टवेअरं डिजिटल सही नसलेली, मग संशय दुप्पट.

अनघाताई, महत्त्वाचं: बीटा काढण्याआधी त्याचं क्वारंटाइन उघडून बघा. त्यात अडकलेल्या फाइल्स तो स्वतःच्या पद्धतीने कुलूपबंद करून ठेवतो. बीटा काढला की त्या फाइल्सही बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातात. हव्या त्या आधी 'रिस्टोअर' करा.

मृण्मयी_क (मंगळवार, सकाळी ९.०५)

टायपिंगचा विषय निघालाच आहे म्हणून: विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे, आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आलाय. युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांना बाहेरच्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. हे वापरलं तर निदान किलॉगरचा प्रश्न मिटेल.

मुद्रक_शालिमार (मंगळवार, सकाळी ९.३०)

मृण्मयीताई, युनिकोड मीही वापरतो. पण ग्राहक दहा-पंधरा वर्षांपूर्वीची स्मरणिका घेऊन येतो आणि म्हणतो, यात फक्त नावं बदला. ती फाइल जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये नेली की जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावे लागतात. लग्नसराईत तेवढा वेळ कुणाकडे आहे?

मृण्मयी_क (मंगळवार, सकाळी ९.४१)

मान्य. जुन्या कामांसाठी जुनं लागेलच.

माझा मूळ मुद्दा आता मांडते. अनघाताई, बीटाच्या सेटिंगमध्ये 'सँपल सबमिशन' किंवा तशा नावाचं काही आहे का ते बघा. बऱ्याच सिक्युरिटी सॉफ्टवेअरमध्ये संशयास्पद वाटलेली फाइल तपासणीसाठी कंपनीकडे जाते. पूर्ण आवृत्तीत ते बंद करता येतं. बीटाचा उद्देशच माहिती गोळा करणं हा, त्यामुळे तिथे ते बंद करू देतीलच असं नाही. कोसळल्यावर जो डंप जातो त्यात त्या क्षणी मेमरीत जे होतं त्याचे तुकडे असू शकतात.

तुमच्या मशीनवर घरच्यांची माहिती आहे, ती एक वेळ सोडा. यजमानांच्या ग्राहकांचे पॅन, बँक खाती, विक्रीचे आकडे आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. तुमच्या मुलाने बीटाच्या करारावर 'आय अॅग्री' केलं ते स्वतःपुरतं. ग्राहकांच्या वतीने त्याला ते करता येत नाही, तुमच्या यजमानांनाही परस्पर करता येणार नाही. माझ्या मते मशीन मंद होणं हा छोटा प्रश्न आहे, हा मोठा.

द्राक्षबाग_दिंडोरी (मंगळवार, दुपारी १.१०)

मृण्मयीताईंचं वाचून आमच्या पॅकहाऊसचा कॉम्प्युटर डोळ्यासमोर आला. निर्यातीच्या हंगामात बागेच्या नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत सगळे कागद त्याच्यावरच. कोण येतो आणि काय टाकून जातो, कुणाला पत्ता नसतो. आज संध्याकाळी बसून बघतो.

निवृत्त_नोटप्रेस (मंगळवार, दुपारी ३.३०)

सर्वांस नमस्कार. मी तांत्रिक माणूस नाही. नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली, आता निवृत्त आहे. अनघाताईंच्या सासऱ्यांबद्दल लिहावंसं वाटलं.

त्यांनी ब्लॉक दाबलं यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे प्रेसमध्ये दारावर नियमच होता, ओळख पटली नाही तर आत नाही. प्रश्न असा आहे की ते सॉफ्टवेअर हा प्रश्न त्यांना का विचारतंय? खिडकीत काय लिहिलेलं असतं तर एखाद्या फाइलचं आडवंतिडवं नाव, आणि खाली दोन बटणं. ही फाइल प्रिंटरची आहे की चोराची, हे त्या नावावरून इंजिनिअरलाही लगेच कळणार नाही. ज्याला उत्तर ठाऊक असण्याची शक्यताच नाही त्याला प्रश्न विचारायचा आणि वर ते उत्तर सगळ्या घराला लागू करायचं, ही रचना चुकीची आहे.

माझ्या मुलीने माझं लॉगिन 'स्टँडर्ड' करून दिलंय. मी पेन्शनचं बघतो, नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरतो, नातीशी व्हिडिओवर बोलतो. काही बसवायचं म्हटलं की मशीन पासवर्ड मागतं, तो तिच्याकडे. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट निर्धास्त वाटतं. अनघाताई, सासऱ्यांना ही खिडकी पुन्हा दिसू नये एवढं बघा. त्यांच्या हातून काही बिघडलं असं त्यांच्या मनात राहता कामा नये.

पंचवटी_पार्थ (मंगळवार, दुपारी ३.४४)

काका, फार छान लिहिलंत. आणि त्या आजोबांना आमच्या ऑफिसात पाठवा हो. अनोळखी अटॅचमेंटला ठामपणे नाही म्हणणारा माणूस आम्हाला शोधून सापडत नाही. 😀

अनघा_इंदिरानगर (मंगळवार, रात्री ९.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

आता उत्तरं. सातपूरकर, विंडोज सिक्युरिटीमध्ये बीटाचं नाव दिसतंय, पण खाली डिफेंडरही 'चालू' दाखवतोय. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच, दोघेही जागे.

मृण्मयीताई, सेटिंग सापडलं. 'सँपल पाठवा' चालू आहे आणि ते बटण करड्या रंगाचं आहे, हलतच नाही. खाली लिहिलंय की बीटा काळात हे बंद करता येणार नाही. यजमानांना दाखवलं, ते एकदम गंभीर झाले. काढायचा हे त्यांनी तिथेच ठरवलं.

मुद्रकदादा, तुमचे विशेष आभार. क्वारंटाइन उघडलं तर माझ्या टायपिंगच्या फाइलखाली सोसायटीची मेंटेनन्सची एक्सेल! त्यात थकबाकी काढायचा एक जुना मॅक्रो आहे, कुणीतरी फार पूर्वी लिहून दिलेला. ती फाइल दिसत नाही म्हणून सासरे पेन ड्राइव्ह शोधत होते, स्वतःच कुठे हलवली असेल असं त्यांना वाटत होतं. दोन्ही परत घेतल्या.

सातपूरकर (मंगळवार, रात्री १०.०५)

छान. आता काढण्याचा क्रम सांगतो, तो मोडू नका.

सगळ्यात आधी टॅलीच्या डेटाचा, सोसायटीच्या फाइलचा आणि तुमच्या कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवायची. मग 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, ती कागदावर उतरवा. ड्रायव्हरच्या भानगडीत मशीन धड सुरू झालं नाही तर पहिली हीच मागणार, आणि ऐनवेळी खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

नंतर बीटाचं स्वसंरक्षण त्याच्या सेटिंगमधून बंद करा, नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करू नका. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण बंद होतच नाही, झोपवून ठेवलेला असतो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने उठतो, तेव्हाच जुने ड्रायव्हर सुटतात.

तरी काही उरलंच तर कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून, चालवायचं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. पण सुरुवातच सेफ मोडपासून करू नका, नेहमीचं अनइन्स्टॉल तिथे बहुतेक वेळा चालत नाही.

विंडोजला मागच्या स्थितीत नेणाऱ्या सिस्टिम रिस्टोअरवर विसंबू नका. अँटिव्हायरस स्वतःच्या फाइल्सना हात लावू देत नाही, त्यामुळे रिस्टोअर बऱ्याचदा अर्ध्यात सोडून देतं.

कॉलेजरोड_तेजस (मंगळवार, रात्री १०.४०)

क्रम उत्तम. पण सातपूरकर, एक विचारतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. तो बीटा नव्हता. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस म्हणून पकडली आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. तोही बीटा नव्हता. मग बीटालाच एवढं बोल का लावायचा?

सातपूरकर (मंगळवार, रात्री ११.२०)

तेजस, उदाहरणं बरोबर आहेत, पण ती माझ्या बाजूने बोलतात.

क्राउडस्ट्राइकने ते अपडेट सव्वा तासाच्या आसपास मागे घेतलं. कारण जगभरचे ग्राहक ओरडत होते आणि तिकडे माणसं बसलेली होती. तरीही जी मशीन पडली त्यांच्यासमोर जाऊन, सेफ मोडमध्ये नेऊन, एक फाइल हाताने पुसावी लागली. जिथे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) होता तिथे आधी की शोधा. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, पण ओळखीचे लोक दिवसरात्र हेच करत होते. अपडेटमध्ये चूक होतीच, पण वर ते सगळ्यांना एकदम पाठवलं. आधी थोड्या मशीनवर, मग अजून थोड्या, ही पायरी त्या प्रकारच्या अपडेटला नव्हती.

ती पहिली पायरी म्हणजेच बीटा टेस्टर. म्हणून तर मीही म्हणतो की टेस्टर हवेतच, मराठी टेस्टर तर हवेतच हवेत. पण पहिल्या पायरीवरचं मशीन पडलं तरी चालेल असं असावं लागतं. अनघाताईंचं मशीन पडलं तर एका घराचं उत्पन्न, सोसायटीचा हिशेब आणि बाहेरच्या लोकांचे रिटर्न अडकतात. कारखान्यात मी नवं काही टाकतो ते आधी स्टोअरमधल्या जुन्या पीसीवर. पगाराच्या मशीनवर नाही.

कॉलेजरोड_तेजस (मंगळवार, रात्री ११.२८)

हे पटलं. मशीन वेगळं, टेस्टर कायम.

ईशान_टेस्ट (बुधवार, रात्री ८.५०)

नमस्कार. मी अनघा_इंदिरानगर यांचा मुलगा. आईने धागा दाखवला, सगळा वाचला.

तेजसदादा, टायपिंग सॉफ्टवेअरचा रिपोर्ट मी पाठवला होता. त्यात फाइलचा हॅश (तिचा डिजिटल ठसा), सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कोणत्या कळीला पकडलं तेही लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं की त्यांना ते सॉफ्टवेअर मिळवून त्यांच्याकडे तपासायचंय. मुद्रककाकांनी कारण ज्या पद्धतीने सांगितलं तसं मला लिहिता आलं नव्हतं. काकांची हरकत नसेल तर ते इंग्रजीत करून रिपोर्टला जोडतो.

मला हे काम सोडायचं नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे याच कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर, करून बघावं का? ८ जीबी रॅममध्ये बाबांचं टॅली चालू असताना जमेल असं वाटत नाही.

सातपूरकर (बुधवार, रात्री ९.२०)

ईशान, हॅशसकट रिपोर्ट दुसऱ्या वर्षाला लिहितोस, शाबास.

व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची मूल्यमापन प्रतही देते. स्नॅपशॉट घ्यायचा, बीटा बिघडला की एका क्लिकवर मागे. शिकायला सगळ्यात चांगला मार्ग. पण ८ जीबीतले ४ त्याला दिलेस तर बाबांच्या वाट्याला काही उरत नाही, हे तुझं बरोबर आहे. रात्री, बाकीचे झोपल्यावर चालव, किंवा रॅम १६ करा. आणि लक्षात ठेव, टोकन, प्रिंटर यांच्या चुका व्हर्च्युअल मशीनमध्ये हुबेहूब दिसत नाहीत. त्यासाठी खरं मशीन हवं.

एखादा जुना पीसी मिळाला तर उत्तम. त्यावर विंडोज १० असेल तर तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून त्यावर घरातलं कुठलंही खातं, बँक, मेल उघडायचं नाही. राउटरवर गेस्ट वायफाय असतं, त्यावर जोड, म्हणजे घरच्या मशीनला ते दिसणार नाही.

मुद्रक_शालिमार (बुधवार, रात्री ९.४०)

ईशान, लिही बिनधास्त. आणि ऐक, दुकानात एक जुना पीसी पडून आहे. ४ जीबी, हार्ड डिस्क जुनी, पण चालतो. आमची जुनी फॉन्टची सॉफ्टवेअरं त्यावर लायसन्ससकट आहेत. ग्राहकांच्या फाइल्स मी आधी पूर्ण पुसून देतो. घरी न्यायचा नसेल तर दुकानात बसून चाचणी कर.

अनघा_इंदिरानगर (शुक्रवार, सकाळी ११.३०)

यजमानांच्या सह्या काल संपल्या, तारखेची घाईही संपली, म्हणून आज सकाळी बीटा काढला. बॅकअप, की कागदावर, मग अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट.

मशीन उठलं, पण इंटरनेट नाही. वायफाय जोडलेलं दिसतंय, पण एकही साइट उघडत नव्हती. यजमानांच्या कपाळावर आठ्या. ईशानने फोनवरून कंपनीचं रिमूव्हल टूल उतरवलं, केबलने मशीनवर घेतलं, सेफ मोडमध्ये चालवलं. त्याच्या यादीत बीटाचा नेटवर्कवाला ड्रायव्हर तसाच मागे राहिलेला दिसला. तो गेला, पुन्हा रीस्टार्ट, आणि सगळं सुरळीत. टॅली पटकन उघडलं. टोकनवर सही झाली. प्रिंटरची सेवाही परत आली. ड्रायव्हर मागे राहतो हा रिपोर्टही ईशानने लगेच लिहायला घेतलाय.

आता डिफेंडर एकटाच चालू दाखवतोय. तो खरंच काम करतोय हे कसं कळणार?

सातपूरकर (शुक्रवार, दुपारी १२.१०)

त्यासाठी ईकार नावाची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांचा साधा मजकूर. अपाय काहीच नाही, पण तो मजकूर पकडायचा असं अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. ईकारच्या अधिकृत साइटवरून उतरवायला जा. डिफेंडरने मध्येच अडवलं म्हणजे जागा आहे.

अजून दोन कामं राहिलीत. चौघांची लॉगिन 'स्टँडर्ड' करा आणि अॅडमिनचं खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आणि यजमानांकडे. आणि बँकेच्या साइटवर जाऊन पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बघा. वेब तपासणी करणारे अँटिव्हायरस स्वतःचं मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवतात. तिथे अजून बीटावाल्या कंपनीचं नाव दिसलं तर वेब तपासणीचा भाग मागे राहिलाय, काढावा लागेल.

अनघा_इंदिरानगर (शुक्रवार, दुपारी १२.५५)

ईकार लगेच पकडली! प्रमाणपत्र नेहमीच्याच संस्थेचं आहे, बीटाचं नाव कुठे नाही. लॉगिन संध्याकाळी सगळे घरी आले की करतो.

द्राक्षबाग_दिंडोरी (शुक्रवार, दुपारी २.२०)

माझ्या पॅकहाऊसचं बघितलं. अँटिव्हायरस दोन निघाले, एकाची मुदत कधीच संपलेली. आणि सगळे एकाच अॅडमिन लॉगिनवर काम करतात. मुदत संपलेला आधी काढू की लॉगिन आधी वेगळी करू?

सातपूरकर (शुक्रवार, दुपारी २.४५)

आधी बॅकअप, मग मुदत संपलेला काढा, रीस्टार्ट, मग लॉगिन. काढल्यावर इंटरनेट गेलं तर वर अनघाताईंनी लिहिलंय तेच करा. रिमूव्हल टूल आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, दिंडोरीत ऐनवेळी रेंजवर अवलंबून राहू नका.

ईशान_टेस्ट (शुक्रवार, सायंकाळी ६.१०)

मुद्रककाका, शनिवारी कॉलेज सुटलं की साडेबाराच्या सुमारास दुकानात येतो. टोकन नेणार नाही, बाबांचं आहे. फक्त टायपिंगची चाचणी करू. तुमच्याकडे किती वेगवेगळी फॉन्ट सॉफ्टवेअरं आहेत ते सांगाल का? प्रत्येकाची यादी आधीच करून ठेवतो.

मुद्रक_शालिमार (शुक्रवार, सायंकाळी ६.३५)

ये. तीन आहेत, आवृत्त्या लिहून ठेवतो. एकाला पॅरलल पोर्टचा डाँगल (मशीनला लावायची लायसन्सची किल्ली) लागतो, तो बीटाला कसा दिसतो हे मलाही बघायचंय.